एक डोंगर, दोन सुलतान

नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणावर पाऊस ओततात, त्याच दिवसांत त्यांची एक कड अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याला घासून जाते. बाकी बहुतेक अरबी मुलूख होरपळत असतो आणि ओमानच्या धोफार प्रांतातला डोंगरपट्टा जून ते सप्टेंबर धुक्यात बुडालेला असतो. उतारांवर हिरवं गवत उगवतं, ओढे वाहतात, गुरं चरतात. या मोसमाला तिथे खरीफ म्हणतात. डोंगरापुढे सलाला शहर आणि समुद्राला लागून चिंचोळी सपाटी, तर डोंगरापलीकडे पार रुब अल खालीच्या वाळवंटापर्यंत उजाड माळ. डोंगरातले लोक गुराखी. त्यांची बोली अरबीहून वेगळी आणि निष्ठा आधी टोळीशी, मग इतर कोणाशी.

याच डोंगरात 1965 ते 1975 अशी दहा वर्षं युद्ध चाललं. दुसऱ्या देशाची घडी बसवून देण्यासाठी केलेल्या लष्करी मदतीचं यशस्वी उदाहरण म्हणून लष्करी अभ्यासक्रमांत त्याचा आजही हवाला दिला जातो. मात्र या यशाची गोष्ट बहुतेक वेळा 1970 पासून सांगितली जाते. त्याआधीची पाच वर्षंही ब्रिटनच मदत करत होता. सैन्य तेच होतं, अधिकारी त्याच देशाचे होते आणि युद्ध हातचं निसटत होतं. पुढच्या पाच वर्षांत तेच युद्ध जिंकलं गेलं. मधल्या काळात नेमकं काय बदललं, ते समजून घेतल्याशिवाय धोफारचा धडा कळत नाही.

जुनी मैत्री

मस्कत आणि ब्रिटिश यांचं नातं जुळलं ते हिंदुस्थानमार्गे. 1798 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मस्कतच्या राज्यकर्त्याशी करार केला आणि पुढे कित्येक दशकं आखाताचा कारभार मुंबई सरकारच्या नजरेखाली चालला. 1915 मध्ये ओमानच्या अंतर्भागातला धर्मनेता असलेल्या इमामाच्या टोळ्या मस्कतवर चालून आल्या, तेव्हा त्यांना शहराच्या वेशीवरून परतवलं ते हिंदी पलटणींनी. सुलतान तैमूर बिन फैसलने 1932 मध्ये गादी सोडली आणि त्याचा अखेरचा काळ मुंबईत गेला. 1965 मध्ये तो मुंबईतच वारला. तैमूरने गादी सोडल्यावर राजा झालेला त्याचा मुलगा सईद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेला होता. 1970 पर्यंत ओमानच्या बाजारात रुपयाच चालत होता.

1950 च्या दशकात ओमानच्या उत्तरेकडच्या जबल अख्दर डोंगरात इमामाच्या बाजूने उठाव झाला. तो मोडायला सुलतानाने ब्रिटनला हाक घातली. जुलै 1958 मध्ये दोन्ही देशांनी पत्रांची देवाणघेवाण केली. ब्रिटनने सुलतानाच्या फौजेला पैसा, शस्त्रं आणि अधिकारी द्यायचे, थोडाफार विकासाचा खर्चही उचलायचा, असं ठरलं. मसिरा बेटावरचा हवाई तळ वापरण्याची मुभा ब्रिटनकडे राहिली. जानेवारी 1959 मध्ये ब्रिटनच्या स्पेशल एअर सर्व्हिसने, म्हणजे एसएएसने, जबल अख्दरचा माथा सर केला आणि उत्तरेतला उठाव संपला. दोन देशांमधलं सुरक्षा सहकार्य म्हणतात ते इथे रीतसर सुरू झालं. ही मदत कोणत्या राज्याच्या पाठीशी उभी आहे, याचा विचार मात्र त्या पत्रांत फारसा नव्हता.

बंद दरवाज्यांचं राज्य

सईद बिन तैमूर कर्जाला घाबरणारा आणि बदलाला त्याहून जास्त घाबरणारा राजा होता. बापाने ठेवलेली देणी त्याने फेडली, पण हात आखडता घेण्याची सवय सुटली नाही. 1967 मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली, तरी अख्ख्या देशात तीन प्राथमिक शाळा आणि दहा किलोमीटरच्या आसपास डांबरी रस्ता, एवढीच प्रगती. मस्कतचे दरवाजे रात्री बंद होत आणि त्यानंतर बाहेर पडायचं तर हातात कंदील लागे. शिकायला परदेशी गेलेल्यांना परत येणं अवघड होई. 1958 नंतर सुलतान सलाल्याच्या राजवाड्यात राहू लागला आणि धोफारकडे तो खाजगी जहागीर म्हणूनच पाहत असे.

धोफारचे तरुण पोटासाठी कुवेत, बहारीन, सौदीकडे जात. तिथल्या तेलकंपन्यांत काम करताना त्यांना इजिप्तच्या नासेरचं रेडिओवरचं भाषण ऐकू येई, शाळा आणि दवाखाने दिसत, आणि आपल्या घरी यातलं काहीच का नाही हा प्रश्न पडे. त्यातूनच धोफार मुक्ती आघाडी उभी राहिली. 9 जून 1965 रोजी तिने सशस्त्र लढा पुकारला. सुरुवातीच्या मागण्या साध्या होत्या. धोफारला धोफारींच्या ताब्यात द्या, आणि या सुलतानाला हटवा.

एप्रिल 1966 मध्ये संचलनाच्या वेळी सुलतानाच्याच धोफारी शिपायांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो वाचला, पण त्यानंतर लोकांसमोर आला नाही. उत्तर म्हणून त्याने दडपशाही वाढवली. बंडखोरांना आसरा देणाऱ्या डोंगरवासीयांची घरं जाळली गेली, विहिरी बुजवल्या गेल्या. जिथे गुरांचं पाणी हीच माणसाची पुंजी, तिथे विहीर बुजवणं म्हणजे सगळ्या टोळीलाच शत्रू करून घेणं. ब्रिटिश अधिकारी ही फौज चालवत होते. त्यांच्यातल्या अनेकांना दिसत होतं की प्रत्येक मोहिमेनंतर डोंगरात बंडखोर वाढतच आहेत.

नोव्हेंबर 1967 मध्ये ब्रिटिश एडनमधून निघून गेले आणि शेजारी दक्षिण यमनचं डावं राज्य आलं. धोफारच्या बंडखोरांना आता पाठीशी सीमा मिळाली. चीन आणि सोव्हिएत रशियाची शस्त्रं याच वाटेने येऊ लागली. सप्टेंबर 1968 मध्ये हमरीनच्या परिषदेत चळवळीची सूत्रं मार्क्सवाद्यांच्या हाती गेली आणि लढ्याचं उद्दिष्ट धोफारपुरतं न राहता अख्ख्या आखातात क्रांती करण्याचं झालं. ऑगस्ट 1969 मध्ये किनाऱ्यावरचं रख्यूत पडलं. 1970 उजाडेपर्यंत डोंगर बंडखोरांचा होता आणि सलाल्याहून वाळवंटाकडे जाणारा रस्ता तुटला होता. धोफारमध्ये सुलतानाच्या हाती सलाला आणि किनाऱ्यावरची थोडी गावं उरली. जून 1970 मध्ये उत्तरेत इझकी आणि निझवा इथेही हल्ले झाले आणि लंडनला कळून चुकलं की असंच चाललं तर होर्मुझच्या सामुद्रधुनीचा दक्षिण काठ हातून जाईल.

23 जुलै 1970

सुलतानाचा एकुलता मुलगा काबूस तेव्हा सलाल्यातच होता. ब्रिटनच्या सँडहर्स्ट अकादमीत शिकून, जर्मनीतल्या एका ब्रिटिश पलटणीत नोकरी करून तो 1964 मध्ये परतला होता. बापाने त्याला राज्यकारभाराच्या आसपासही फिरकू दिलं नाही. तो जवळजवळ नजरकैदेत राहत होता. भेटायला येणारे मोजके, त्यांत टिम लँडन नावाचा ब्रिटिश गुप्तवार्ता अधिकारी होता. तो काबूसचा सँडहर्स्टच्या दिवसांतला सोबती.

23 जुलैच्या दुपारी काबूसच्या बाजूचा शेख बुरैक बिन हमूद काही माणसं घेऊन राजवाड्यात शिरला. झटापटीत गोळ्या सुटल्या. बुरैक जखमी झाला, आणि सुलतानाच्या पायाला त्याच्याच पिस्तुलाची गोळी लागली. शेवटी त्याने गादी सोडल्याच्या कागदावर सही केली. ब्रिटिश हवाई दलाच्या विमानाने त्याला आधी बहारीनला आणि मग इंग्लंडला नेण्यात आलं. 1972 मध्ये लंडनमध्ये तो वारला. ब्रिटिश सरकारला या बेताची पूर्वकल्पना होती, हे पुढे खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांतून समोर आलं आहे. मदत करणाऱ्या देशाने ज्याला मदत करायची त्याचाच राजा बदलायला हातभार लावला, हे या यशाच्या मुळाशी आहे. त्याचं कौतुक करताना ते लपवता येत नाही.

काबूसने पहिल्याच दिवसांत शरण येणाऱ्यांना माफी जाहीर केली. परदेशी गेलेल्यांना परत बोलावलं. देशाचं नाव 'मस्कत आणि ओमान' होतं, ते 'ओमानची सल्तनत' झालं. पुढच्याच वर्षी ओमान अरब लीग आणि संयुक्त राष्ट्रांचा सदस्य बनला. ज्या पैशाला बापाने कुलूप लावलं होतं, तो तेलाचा पैसा आता शाळा, दवाखाने, रस्ते आणि फौज यांवर खर्च होऊ लागला.

पाच आघाड्या

एसएएसचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल जॉनी वॉट्स याने धोफारसाठी पाच कलमी आराखडा मांडला. शत्रूची नीट माहिती काढायची, लोकांपर्यंत खरी बातमी पोहोचवायची, माणसांना डॉक्टर द्यायचा, गुरांना डॉक्टर द्यायचा आणि धोफारींनाच सुलतानाच्या बाजूने उभं करायचं. पाचांतल्या एकाही कलमात शत्रूला ठार मारण्याचा उल्लेख नव्हता. लढाई होणार हे वॉट्सला माहीत होतं, पण ती या पाच कामांच्या आधाराने लढली जावी असा त्याचा आग्रह होता. एसएएसच्या तुकड्या 'ब्रिटिश आर्मी ट्रेनिंग टीम' या नावाने आल्या. त्यांची संख्या बहुतेक काळ शंभराच्या आतबाहेर होती.

हे काम किती बारकाईने करावं लागलं, याचं उदाहरण म्हणजे ट्रान्झिस्टर. सलाल्याहून सरकारी रेडिओ सुरू झाला, पण डोंगरात ऐकायला संच नव्हते. ते फुकट वाटले, तर बंडखोर ते काढून घेत आणि लोकही फुकटची वस्तू निमूटपणे देऊन टाकत. मग तेच संच बाजारात स्वस्तात विकायला ठेवले. पदरचे पैसे घालून घेतलेला रेडिओ कोणी हिसकावला की मालक चिडे, आणि तो राग बंडखोरांच्या खात्यावर जमा होई.

बंडखोरांच्या चुकांनीही मदत केली. त्यांनी डोंगरात गुलामगिरी मोडली, मुलींना शाळेत घातलं, बायकांच्या हाती बंदुका दिल्या. या गोष्टी सुलतानाच्या राज्यात कोणी केल्या नव्हत्या. पण त्याचबरोबर त्यांनी धर्माची हेटाळणी केली, टोळ्यांचे वडीलधारे मारले, मुलांना सीमेपार हौफच्या शाळांत पाठवलं. सप्टेंबर 1970 मध्ये पूर्वेकडच्या डोंगरात त्यांच्याच एका गटाने त्यांच्याविरुद्ध उठाव केला. सलीम मुबारक नावाचा म्होरक्या आपली माणसं घेऊन सरकारच्या बाजूला आला. त्याच्याबरोबर पहिली फिरकत, म्हणजे शरण आलेल्या बंडखोरांची सरकारी तुकडी उभी राहिली. फेब्रुवारी 1971 मध्ये या तुकडीने एसएएसबरोबर जाऊन किनाऱ्यावरचं सुध हे गाव ताब्यात घेतलं. थोड्याच दिवसांत सलीम मुबारक वारला आणि वेगवेगळ्या टोळ्यांची ती तुकडी फुटली. तेव्हापासून एका टोळीची एक फिरकत, असा नियम पडला.

फिरकतींना सांभाळणं सोपं नव्हतं. आपल्या टोळीच्या मुलखाबाहेर लढायला ते तयार नसत. ऑक्टोबर 1971 मध्ये ऑपरेशन जॅग्वारमध्ये सरकारने पहिल्यांदा डोंगरमाथ्यावर पाय रोवला. लढाई ऐन रंगात असताना रमजान लागला. धर्मगुरूंनी युद्धासाठी सूट दिली होती, तरी अनेक फिरकतींनी हत्यारं खाली ठेवली. नंतर त्यांनी दुसराच हट्ट धरला. आमची गुरं वर अडकली आहेत, ती खाली बाजारात पोहोचवल्याशिवाय आम्ही लढणार नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांची चिडचिड झाली, पण त्यांनी ते ऐकलं. शेकडो गुरं आणि शेळ्यामेंढ्या डोंगरउतारावरून किनाऱ्यावरच्या ताका गावाच्या दिशेने हाकारल्या गेल्या. कडेने शिपाई चालत होते, डोक्यावर विमानं घिरट्या घालत होती आणि मधूनमधून बंडखोरांच्या गोळ्या येत होत्या. कळप खाली पोहोचला, गुरं विकली गेली, हातात पैसा आला. सरकार दिलेला शब्द पाळतं, ही बातमी डोंगरभर झाली.

मिर्बातची सकाळ

19 जुलै 1972 च्या पहाटे बंडखोरांनी आपला सगळा जोर एका घावात लावला. सलाल्यापासून पूर्वेला सत्तरेक किलोमीटरवर मिर्बात हे किनाऱ्यावरचं गाव आहे. खरीफ भरात होता, ढग खाली उतरले होते, विमानं उडणं कठीण होतं. गावातली फिरकत आधीच हुलकावणी देऊन डोंगराकडे ओढून नेलेली होती. मोर्टार, मशीनगन आणि रॉकेट लाँचर घेऊन अडीचशेच्या आसपास माणसं चालून आली. समोर कॅप्टन माइक कीलीच्या हाताखाली एसएएसचे मूठभर जवान, किल्ल्यात थोडे ओमानी जेंडार्म (निमलष्करी शिपाई) आणि जुन्या रायफली घेतलेले काही गावराखे होते.

किल्ल्याजवळ खड्ड्यात 25 पौंडी तोफ होती. फिजी बेटांचा सार्जंट तलाइआसी लाबालाबा गोळ्यांच्या वर्षावातून धावत त्या तोफेपर्यंत गेला. अशी तोफ चालवायला एरवी अनेक माणसं लागतात. तो आणि ओमानी तोफची वालिद खमीस यांनी ती जवळून येणाऱ्या शत्रूवर थेट नेम धरून चालवली. वालिद जखमी झाला. लाबालाबाच्या जबड्याला गोळी लागली. त्याच्या मदतीला दुसरा फिजियन सेकोनाया ताकावेसी धावला, तोही जखमी झाला. पुढे लाबालाबा तिथेच पडला. कीली आणि त्याचा जवान टॉमी टोबिन त्या खड्ड्यापर्यंत पोहोचले, टोबिनला प्राणघातक जखम झाली. मग सुलतानाच्या हवाई दलाची स्ट्राइकमास्टर विमानं ढगाखालून, समुद्राला जवळजवळ खेटून आली. आदल्याच दिवशी सलाल्यात दाखल झालेली एसएएसची नवी तुकडी हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर उतरली आणि हल्ला मोडला. बंडखोरांची डझनावारी माणसं मेली. त्यांच्यात एकमेकांवर संशय सुरू झाला आणि एवढा मोठा हल्ला त्यांनी पुन्हा कधी केला नाही.

विहीर आणि तार

यानंतर युद्धाने दोन वाटा धरल्या. एक तारेची, दुसरी पाण्याची.

मुगसैलच्या किनाऱ्यापासून डोंगर चढून आत जाणारी पन्नासहून अधिक किलोमीटर लांबीची काटेरी तार 1974 मध्ये पुरी झाली. तिला हॉर्नबीम लाइन म्हणत. तारेत सुरुंग पेरले, उंचवट्यांवर चौक्या बसवल्या. दक्षिण यमनहून शस्त्रं घेऊन येणारे उंट या तारेपाशी अडू लागले. इराणच्या शहाने हजारो सैनिक पाठवले. 1973 च्या अखेरीस त्यांनी सलाल्याचा वाळवंटाकडचा रस्ता मोकळा केला, जानेवारी 1975 मध्ये रख्यूत घेतलं आणि तिथून आणखी एक तार उभारली. जॉर्डनहून सैनिक आणि इंजिनिअर आले. सुलतानाच्या फौजेतले कित्येक शिपाई बलुची होते. बंडखोरांच्या मागे असलेल्या चीनने मात्र इराणशी संबंध जुळल्यावर हळूहळू हात काढून घेतला.

पाण्याची वाट अशी होती. आपल्या मुलखात सरकारचं ठाणं कुठे हवं, ते फिरकत सांगे. फौज ती जागा ताब्यात घेई. मग बुलडोझर कच्चा रस्ता काढी, त्यावरून बोअरिंगचं यंत्र वर येई. पाणी लागलं की पंप आणि गुरांसाठी हौद. त्याच्याभोवती दुकान, दवाखाना, शाळा, मशीद. पाण्यावर गुरं येत, गुरांमागे माणसं येत. बोलता बोलता डोंगरात भावाभावांचे निरोप जात, की खाली ये, तुला माफी आहे. 1974 पासून धोफार ब्रिगेडची सूत्रं सांभाळणारा ब्रिगेडियर जॉन एकहर्स्ट या क्रमावर अडून राहिला. ठाणं बसलं की फौजेने पुढे सरकायचं आणि राखण फिरकतीने करायची. ज्या डोंगरात जुन्या सुलतानाने विहिरी बुजवल्या, त्याच डोंगरात त्याच्या मुलाने विहिरी खणल्या. या एका फरकात युद्धाचा बराचसा निकाल आहे.

तरीही हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं म्हणणं खोटं ठरेल. सलाल्याभोवती तार होती आणि डोंगरात जाणाऱ्या अन्नावर पहारा होता. तोफा आणि विमानांनी डोंगर भाजून काढला. इराणी सैन्याच्या संख्येशिवाय पश्चिमेकडचा भाग इतक्या लवकर हाती आला नसता, आणि 1973 नंतर तेलाचे भाव भडकले नसते तर एवढा खर्च ओमानला झेपला नसता. दवाखाना आणि तार या दोन्ही एकाच योजनेच्या बाजू होत्या.

ऑक्टोबर 1975 मध्ये सीमेजवळच्या सरफैत ठाण्यावरून सरकारी फौज कडा उतरून किनाऱ्यापर्यंत पोहोचली आणि बंडखोरांची शेवटची रसदवाट तुटली. 1 डिसेंबरला धलकूत हाती आलं. 11 डिसेंबर 1975 रोजी युद्ध संपल्याची घोषणा झाली.

कोणी काय दिलं

पाहुण्या देशाने काय दिलं याची यादी करता येते. अधिकारी, प्रशिक्षण, विमानचालक, डॉक्टर, एक नीट विचार केलेला आराखडा. या सगळ्यापैकी बरंच काही 1970 च्या आधीही उपलब्ध होतं. तेव्हा ते कामी आलं नाही, कारण राज्याकडे आपल्या माणसांना द्यायला काहीच नव्हतं. शरण येणाऱ्याला माफी नव्हती, मुलाला शाळा नव्हती, गुराला पाणी नव्हतं. ब्रिटिश अधिकारी कितीही कुशल असले तरी या गोष्टी ते आपल्या खिशातून देऊ शकत नव्हते. 1970 नंतर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून त्या दिल्या आणि मदत करणाऱ्यांना पहिल्यांदा कामाला हात घालण्याजोगं काही मिळालं. ब्रिटिश मागे राहिले, संख्येने थोडे राहिले, आणि विहिरीचं श्रेय सुलतानाला मिळू दिलं, हे त्यांचं शहाणपण. दुसऱ्या देशांत मोठ्या फौजा आणि प्रचंड पैसा ओतूनही राज्य उभं राहिलं नाही. अफगाणिस्तानात वीस वर्षं घडवलेलं सैन्य 2021 मध्ये काही आठवड्यांत विरघळलं. धोफारशी तुलना करताना तंत्रांची यादी मांडून उपयोग नाही. लोकांना हवंहवंसं वाटेल असं राज्य तिथे होतं का, हे आधी पाहायला हवं.

या यशाची किंमतही नोंदवली पाहिजे. धोफारच्या माणसाला पाणी मिळालं, दवाखाना मिळाला, पण राजा निवडण्याचा किंवा त्याला जाब विचारण्याचा अधिकार मिळाला नाही. सगळी सत्ता एका माणसाच्या हाती राहिली. 2011 मध्ये सोहार आणि सलाल्याच्या रस्त्यांवर नोकऱ्यांसाठी आणि भ्रष्टाचाराविरुद्ध लोक उतरले, तेव्हा बंडखोरांनी एकेकाळी विचारलेले काही प्रश्न अजून शिल्लक आहेत हे दिसलं.

पण एक गोष्ट काबूसने जाणीवपूर्वक केली आणि तिथे त्याचं मोठेपण मानावं लागेल. हरलेल्यांना त्याने राज्यात जागा दिली. धोफार मुक्ती आघाडीच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांपैकी यूसुफ बिन अलावी पुढे ओमानच्या परराष्ट्र व्यवहाराचा मंत्री झाला आणि 2020 पर्यंत त्याने जगाशी ओमानच्या वतीने बोलणी केली. वॉट्सच्या पाच कलमांत हे कलम नव्हतं. कालच्या शत्रूला आपला म्हणण्याचा निर्णय बाहेरचा मित्र घेऊ शकत नाही. तो घरच्यानेच घ्यावा लागतो, आणि धोफारमध्ये तो घेतला गेला म्हणूनच 1975 नंतर तिथे पुन्हा तसं युद्ध पेटलं नाही.